मागच्या गाडीच्या चालकाची झोप : सायकल शर्यतींच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
पुणे–बेंगळुरू महामार्गाने कोल्हापूरवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींचे सर्व संयोजक

विषय : सपोर्ट गाडीच्या चालकाची विश्रांती शर्यतीच्या नियमांत समाविष्ट करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी एसटीच्या कोल्हापूर विभागातून निवृत्त झालेला चालक आहे. सायकलच्या क्षेत्रातला माझा अधिकार एवढाच की माझी भाची लांब पल्ल्याच्या शर्यतींत भाग घेते आणि गेली चार वर्षे तिच्या सायकलीमागून जाणारी गाडी मी चालवतो. एकतीस वर्षे मी ज्यांची जबाबदारी वाहिली ते लोक माझ्या पाठीमागे बसलेले असत. आता जिची जबाबदारी आहे ती माझ्या समोर, बॉनेटपासून दहा मीटरवर, दोन अरुंद टायरांवर तोल सांभाळत असते. या बदलाची सवय व्हायला मला पहिली शर्यत पुरली नाही. आपल्या नियमपुस्तिका मी प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, कारण नियम मोडल्याचा दंड मला नव्हे, भाचीला बसतो. त्या पुस्तिकांत नसलेल्या एका कलमाविषयी हे पत्र आहे.

ज्यांनी अशी शर्यत जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी या गाडीचे काम थोडक्यात सांगतो. दिवसा गाडी सायकलच्या मागे लागून चालत नाही. ती पाच-सात किलोमीटर पुढे जाते, डांबराच्या पूर्ण बाहेर उभी राहते, आणि सायकलस्वार जवळ आला की क्रूमधील, म्हणजे त्याच्या मदतनीस तुकडीतील, एकजण त्याच्याबरोबर चार पावले धावत पाण्याची बाटली किंवा खाण्याची पुडी त्याच्या हातात देतो. रिकामी बाटली गोळा करायची, वहीत वेळ लिहायची आणि त्याला ओलांडून पुन्हा पुढे जायचे. गाडीत दोन जादा चाके, ट्यूब, चेनच्या कड्या, गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर, मोठा पंप, कोरडे कपडे, प्रथमोपचाराची पेटी आणि एक अख्खे स्वयंपाकघर असते. आठ-दहा तासांनंतर माझ्या भाचीला पाकिटातली जेल नकोशी होतात, म्हणून आम्ही काकवीत लिंबू आणि मीठ घालून ती लहान बाटल्यांत भरून नेतो. त्याशिवाय मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी आणि पातळ दहीभात. तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदके आणि अर्धा ते पाऊण लिटर द्रव असा तिचा हिशेब आहे. घामाबरोबर मीठ जात असताना खेळाडू नुसते पाणीच पीत राहिला तर रक्तातले सोडियम घटते आणि तो भ्रमिष्टासारखा वागू लागतो, म्हणून मीठ किती पोटात गेले हेही वहीत लिहिले जाते. तिने शेवटची बाटली कधी घेतली, लघवीला कधी थांबली, कोणत्या चढावर कुरकुरली, या सगळ्याची नोंद आमच्याकडे असते. चालकाने शेवटचे कधी खाल्ले आणि तो शेवटचा कधी झोपला, याला त्या वहीत रकाना नाही.

रात्री नियम बदलतो. अंधार पडल्यावर गाडीने सायकलच्या थेट मागे राहायचे, सायकलस्वार सतत हेडलाइटच्या उजेडात असला पाहिजे, टपावर पिवळा लुकलुकता दिवा आणि मागे धीम्या वाहनाचा फलक हवा, आणि गाडी मागे नसेल तर सायकलस्वाराने पुढे जायचे नाही. अमेरिकेतल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत हीच पद्धत आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक नियमपुस्तिकांवर त्या शर्यतीची छाप दिसते. १९८२ साली चार सायकलपटूंनी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन तिची सुरुवात केली. आज ती सुमारे ४,८०० किलोमीटरची असून एकट्याने उतरणाऱ्याला ती बारा दिवसांत पूर्ण करावी लागते. महाराष्ट्राला या शर्यतीचे अप्रूप असणे साहजिक आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली आणि २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली.

‘एकट्याने’ या शब्दाशी मी नेहमी थोडा थांबतो. त्या शर्यतीत एकट्याने उतरणाऱ्याच्या मागेही साधारणतः आठ-दहा माणसे आणि दोन-तीन गाड्या असतात. एक तुकडी गाडी चालवत असते तेव्हा दुसरी पुढच्या कुठल्यातरी गावात झोपलेली असते. आपण तिथून रात्रीच्या गाडीचा नियम घेतला, फलक घेतला, पिवळा दिवा घेतला, दंडाची मिनिटे घेतली. ती झोपलेली दुसरी तुकडी घ्यायची राहिली. आपल्या पाचशे-सहाशे किलोमीटरच्या शर्यतींत मी जे पाहतो त्यात बहुतेकांच्या मागे एक गाडी, तीन माणसे आणि एकच चालक असतो.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. तो सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे.

गेल्या हिवाळ्यातली शर्यत पुण्याहून दुपारी तीनला सुटणार होती. सायकल आणि गाडीची तपासणी सकाळी अकराला असल्यामुळे आम्ही कोल्हापुरातून पहाटे पाचला निघालो आणि त्यासाठी मी चारला उठलो. तपासणी काटेकोर होती, आणि ती तशी असावी असेच माझे मत आहे. हेल्मेटचे बंद ओढून पाहिले, दिव्यांच्या जादा बॅटऱ्या मोजल्या, चमकणारी जाकिटे अंगावर घालून दाखवायला लावली, टपावरचा दिवा मागून किती अंतरावरून दिसतो ते एका स्वयंसेवकाने स्वतः चालत जाऊन पाहिले. माझे लायसन्स, गाडीचा विमा, पीयूसी, सर्व काही. मी किती वाजता उठलो हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर ‘झोप झाली आहे’ असेच मी सांगितले असते, कारण सकाळी अकरा वाजता मला ते खरेच वाटत होते.

खंबाटकी, सातारा, कराड असे करत आम्ही किणीचा टोलनाका ओलांडला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. दोनच्या सुमारास शिरोलीचा पंचगंगेवरचा पूल आला. तावडे हॉटेलच्या चौकापासून माझे घर तीन किलोमीटरवर आहे, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा बिछान्याची आठवण झाली. मी ती झटकली. उचगाव गेले, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे मागे पडले. सहापदरीकरणाच्या कामामुळे वाहतूक सेवारस्त्यावर वळवली होती आणि पुढे एक किरकोळ चढ होता, ज्याला दिवसा कोणी चढ म्हणणारही नाही. माझ्या शेजारी बसलेली मुलगी वही मांडीवर ठेवून झोपली होती. तिच्यावर माझा राग नाही, तीही पहाटेपासून जागी होती. मागच्या सीटवर सायकल मेकॅनिक घोरत होता. मला समोर भाचीच्या सीटखालचा लाल दिवा दिसत होता. पुढची जी आठवण आहे त्यात तो दिवा बॉनेटच्या कडेला टेकलेला आहे. मी ब्रेकवर उभा राहिलो, गाडी गचका देऊन बंद पडली, मेकॅनिक दोन सीटच्या मधून पुढे आला. सायकल मात्र त्याच लयीत चढ चढून पुढे गेली. मधले किती सेकंद गेले ते मी सांगू शकत नाही, कारण त्या सेकंदांत मी तिथे नव्हतो.

मी भाचीला त्या रात्री काही सांगितले नाही. कागलच्या पुढे गाडी थांबवून तोंडावर पाणी मारले, चहा घेतला, आणि तीन मिनिटांत पुन्हा तिच्या मागे लागलो. आठवड्याने रंकाळ्यावर फिरायला गेलो असताना मी विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “मामा, मला तेव्हाच कळालं होतं. माझ्या चाकाची सावली समोर लांब पडत होती, ती एकदम आखडली. पण मी काय बोललो नाही, म्हटलं तुम्हाला वाईट वाटंल.” (कोल्हापूरच्या मुली ‘बोलले’ऐवजी ‘बोललो’ म्हणतात हे बाहेरच्या वाचकांनी कृपया छपाईची चूक समजू नये.) मागच्या हेडलाइटचा उजेड जसा जवळ येतो तशी चाकाची सावली आखूड होत जाते, हे मला एकतीस वर्षांत कळायचे कारण नव्हते. तिला ते माहीत होते, म्हणजे ती रात्रभर त्या सावलीवरून माझे अंतर मोजत होती. एका बाजूला शरीराची परीक्षा चालू असताना दुसरीकडे मागचा माणूस जागा आहे की नाही याची राखण करण्याचे काम तिच्यावर आले होते, आणि ते तिने कोणाला न सांगता केले.

मी निष्काळजी माणूस नाही, असे मला वाटते. मग मी का थांबलो नाही? याचे उत्तर माझ्या स्वभावात जितके आहे त्याहून जास्त आपल्या नियमात आहे. रात्री गाडी थांबली की सायकल थांबली पाहिजे, आणि सायकल थांबली तरी घड्याळ थांबत नाही. मी वीस मिनिटे डोळे मिटले तर ती वीस मिनिटे भाचीच्या वेळेत जमा होतात. ती बारा तास पेडल मारत असताना, आपल्याला जांभया येतात म्हणून तिची वीस मिनिटे खर्च करायला कोणता मामा तयार होईल? म्हणून चालक लघवी दाबून धरतो, भूक दाबून धरतो आणि झोपही दाबून धरतो. माझ्या ओळखीतल्या इतर क्रूच्या चालकांनी मला हेच सांगितले आहे, पण खेळाडूच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. सायकलस्वाराच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम अशा रीतीने त्याच्या मागे एक झोपाळू चालक आणून ठेवतो, आणि नियम करणाऱ्यांच्या मनात असे कधीच नसणार, म्हणूनच हे लिहीत आहे.

यात धीम्या गतीचा भाग मोठा आहे आणि तो गाडीत बसल्याशिवाय लक्षात येत नाही. एसटीची रातराणी बस चालवताना समोरून येणारे दिवे, ओव्हरटेक, थांबे, प्रवासी यांनी डोके जागे राहते. इथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वीस-बावीसच्या गतीने तासन्‌तास एकाच आवाजात चालते. काचेत एकच लाल दिवा उघडमीट करतो, डॅशबोर्डवर हॅझार्ड लाइटची टिकटिक पाळण्याच्या लयीत चालू राहते, आणि आपण काही करत आहोत असे शरीराला वाटेनासे होते. झोप उडवण्याचे सगळे उपाय आम्ही ड्रायव्हर लोकांनी करून पाहिलेले आहेत : काच खाली घेणे, मोठ्याने गाणे, हिरवी मिरची चावणे, तंबाखू. त्यातला एकही पाच-दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. चहा किंवा कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपणे हा एकच उपाय मला उपयोगी पडलेला आहे, कारण कॉफीचा परिणाम व्हायला लागतो तोवर डोळा लागून गेलेला असतो.

आणि हे केवळ माझ्या अनुभवावर सोडण्याचे कारण नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावतात, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रयोगाने दाखवले. चोवीस तासांच्या जागरणानंतर ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचे होते. आपल्या मोटार वाहन कायद्यात मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. गोकुळ शिरगावच्या पुढे त्या चढावर मला जागून जवळजवळ तेवीस तास झाले होते. मी दारू पिऊन तपासणीला आलो असतो तर आपण मला गाडीला हात लावू दिला नसता, आणि ते योग्यच ठरले असते.

एसटीत असताना कामाच्या तासांवरून आमची आणि अधिकाऱ्यांची कुरबूर नेहमीची होती, पण निदान कुरबूर करायला काही आधार होता. तेव्हा १९६१ सालचा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता; २०२५ साली त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली होती. लांबच्या रात्रगाडीवर वाटेत चालक बदलण्याची पद्धत होती. तो कायदा भाचीची गाडी हौसेने चालवणाऱ्या मामासाठी नव्हता हे मला समजते. पण एका सायकलस्वाराच्या पाठीशी दहा मीटरवरून रात्रभर चालणाऱ्या गाडीला त्यातला एक अर्धा तासही लागू नसावा, हे मला पटत नाही. या खेळात मानेचे स्नायू थकून सायकलस्वाराचे डोके खाली लोंबू लागते त्या अवस्थेला १९८३ च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’तले सायकलपटू मायकेल शर्मर यांच्यावरून ‘शर्मर्स नेक’ असे नाव पडले आहे, त्यावर पट्टे आणि टेकू शोधले गेले आहेत. मागे बसलेल्या माणसाची मान पडते तिच्यावर अजून कोणी विचार केलेला दिसत नाही.

यावर काही सायकलपटू मित्रांनी मला सरळ उत्तर दिले की मग गाडीच काढून टाका. ब्रेव्हे प्रकारच्या सायकल यात्रांत वाटेत गाडीची मदत घेता येत नाही, ती फक्त ठरलेल्या नियंत्रण-थांब्यांवर मिळते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करणारे हजारो लोक आपापले ओझे स्वतः वाहून नेतात, कुठे बसथांब्यावर अंग टाकतात आणि पुढे जातात. त्या प्रकाराबद्दल मला आदर आहे. परंतु तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, त्यामुळे थांबण्याची भीतीही कमी असते. शिवाय आमच्या भागातला रस्ता रात्री कसा असतो ते पाहिले पाहिजे. बहुतेक शर्यती थंडी बघून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवल्या जातात, आणि नेमका तोच आमच्याकडे गाळपाचा हंगाम आहे. कराडपासून निपाणीपर्यंत रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरची ये-जा चालू असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा असलाच तर वाढ्यांच्या आड गेलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. पंक्चर झालेली भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला उभी करून, मागे चार दगड ठेवून, ट्रॅक्टर गावात निघून गेलेला मी कितीदा पाहिला आहे. सायकलच्या हँडलवरच्या दिव्यात ती ट्रॉली दिसेपर्यंत उशीर होऊ शकतो. गाडीच्या हेडलाइटमध्ये ती शंभर मीटरवरून दिसते आणि मी हॉर्न देऊ शकतो. मागून येणाऱ्या ट्रकलाही वीस किलोमीटरच्या गतीने काहीतरी पुढे चालले आहे हे टपावरच्या पिवळ्या दिव्यामुळेच कळते. गाडी हवीच, पण चालवणारा जागा हवा.

माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. त्यातले पहिले खर्चाचे नाही, थोड्या धैर्याचे आहे. रात्री एक ते चारच्या दरम्यान प्रत्येक स्पर्धकाला तीस मिनिटांचा सक्तीचा थांबा द्यावा आणि त्या वेळी त्याचे घड्याळ थांबवावे. सगळ्यांना तोच थांबा आणि तेवढीच मिनिटे, म्हणजे कोणाचे नुकसान नाही आणि कोणाचा फायदा नाही. ज्या जागी वेळेची नोंद होते तिथेच हा थांबा ठेवता येईल. फक्त ती जागा महामार्गापासून आत, उजेडाची आणि चटई टाकण्याइतकी असावी. शिरोली ते कागल या पट्ट्यात पेट्रोल पंप आहेत, मंगल कार्यालये आहेत, आणि कोल्हापुरात सायकलवर आणि सायकलवाल्यांवर प्रेम करणारी माणसे इतकी आहेत की त्या अर्ध्या तासात चहा आणि पातेलेभर पोहे तयार ठेवण्यासाठी आपल्याला कोणाला दोनदा विचारावे लागणार नाही. सायकलस्वार त्या वेळात हवे ते करो; चालकाने मात्र स्टेअरिंगवरून उठून आडवे व्हावे, आणि आपल्या स्वयंसेवकाने ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

दुसरे मागणे चालकांच्या संख्येचे आहे. शर्यतीची वेळमर्यादा चोवीस तासांच्या वर असेल तर प्रत्येक गाडीत लायसन्स असलेले किमान दोन चालक असावेत, सुरुवातीआधीच्या रात्री दोघांनाही सहा तास झोप मिळाल्याचे त्यांनी लिहून द्यावे, आणि कोणी कुठून कुठपर्यंत गाडी चालवली याची नोंद प्रत्येक थांब्यावर सहीनिशी व्हावी. लोक खोटे लिहितील, असे आपण म्हणाल. काहीजण लिहितीलही. पण जो कागद भरायचा असतो त्याचा विचार माणूस घरातून निघण्यापूर्वी करतो, हे मी आगारात रोज पाहिले आहे. तपासणी सकाळी अकराला आणि सुरुवात दुपारी तीनला ठेवली की बाहेरगावचा प्रत्येक चालक पहाटे उठलेला असणार, हेही त्या निमित्ताने आपल्या ध्यानात येईल. गाड्यांची तपासणी आदल्या संध्याकाळी घेतली तरी अर्धा प्रश्न सुटतो.

हे सर्व मी एका संयोजकांना यापूर्वी पत्राने कळवले होते. दोन ओळींचे उत्तर आले की क्रू हा स्पर्धकाने स्वतः आणायचा असल्यामुळे त्याच्या विश्रांतीची जबाबदारी स्पर्धकावर राहील. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण त्यांच्या शर्यतीची व्यवस्था इतर बाबतींत उत्तम होती आणि असेच उत्तर इतर कोणाकडूनही आले असते, अशी मला शंका आहे. परंतु त्या उत्तरातली अडचण अशी की हेल्मेटही स्पर्धक स्वतःच आणतो, दिवाही तोच आणतो, तरी आपण ते तपासता. गाडी डांबराच्या बाहेर पूर्ण उतरवली नाही म्हणून गेल्या वर्षी आम्हाला समज मिळाली. मागे वाहनांची रांग लागली की बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते, तेही आपण पाहता. हे सर्व आमच्यासाठी आहे त्याइतकेच रस्त्यावरच्या इतर लोकांसाठी आहे, आणि झोपलेला चालक फक्त आपल्या भाचीच्याच अंगावर जाईल असे थोडेच आहे. सेवारस्त्याने पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला माणूस तिथे असतो, कारखान्याची पाळी सुटून घरी निघालेला असतो.

खर्चाचा मुद्दा उरतो. दुसरा चालक म्हणजे आणखी एका माणसाचे जेवण, राहणे, आणि लहान गाडीत कमी होणारी जागा. ज्यांच्या मागे कोणी प्रायोजक नाही अशा खेळाडूंना हे जड जाईल हे मी मान्य करतो. माझ्या भाचीलाही जाते. त्यासाठी प्रत्येक शहरात काही तासांपुरते स्टेअरिंग सांभाळायला तयार असणाऱ्या स्थानिक चालकांची यादी संयोजकांनी तयार करावी. माझ्यासारखे निवृत्त एसटी चालक या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्यांना रस्ता पाठ आहे, आणि रात्री जागण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही अशी त्यांच्या घरच्यांची तक्रार असते. किणी ते निपाणी एवढ्या टप्प्यापुरते बसायला सांगितले तर सहा-सातजण मी स्वतः देऊ शकतो. त्यांनी त्या दिवशी दुपारी झोप काढलेली असेल, याची हमीही देतो.

भाचीने येत्या हंगामातल्या शर्यतीसाठी नाव नोंदवायला घेतले आहे. आपल्या अर्जात ‘चालकाचे नाव’ असा एकच रकाना आहे. आम्ही त्यात माझे आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे अशी दोन नावे स्वल्पविराम देऊन लिहिली आहेत. संगणकाने तो अर्ज परत केला तर कोणाशी बोलायचे, तेवढे कृपया कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक
कोल्हापूर